माकडं, वानरं आणि आपण: नाशिकच्या डोंगरांवर आणि देवस्थानांवर जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, सप्तशृंगी गड, येताजाताना कसारा घाट. नाशिकला येणारा माणूस यांपैकी एका ठिकाणी तरी जातोच, आणि तिथे त्याची माकडांशी किंवा वानरांशी गाठ पडतेच. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. घडतं तेव्हा त्याच्या मुळाशी जवळजवळ नेहमी खाण्याची पिशवी असते.

माकड आणि वानर यांत फरक काय? वागणं वेगळं असतं का?

फरक आहे, आणि तो कामाचा आहे. माकड म्हणजे तांबूस तोंडाचं, भुरकट अंगाचं, दणकट बांध्याचं. त्याच्या गालात आतून पिशव्या असतात. मिळालं ते आधी गालात कोंबायचं, मग लांब जाऊन चावायचं, ही त्याची रीत. म्हणून ते हिसकावतं आणि पळतं. माकडांतही दोन जाती आहेत. दक्षिणेकडच्या टोपी माकडाच्या डोक्यावर केसांची टोपी बसवल्यासारखी दिसते आणि शेपूट लांब असतं. उत्तरेकडच्या लाल माकडाचं शेपूट आखूड आणि ढुंगण तांबडं असतं. दोघांशी वागायची रीत एकच.

वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, राखाडी, लांब हातापायांचं आणि लांबच लांब शेपटीचं. मोठ्या नराला आपण हुप्प्या म्हणतो. वानर मुळात पाला खाणारं आहे. त्याच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात आणि त्यातले जिवाणू पाला आंबवून पचवतात. स्वभावाने ते माकडापेक्षा शांत, पण पूर्ण वाढलेला हुप्प्या १५ किलोच्या पुढेही भरतो आणि त्याचे सुळे माणसाच्या मांडीत खोलवर जातात. शांत दिसतंय म्हणून पाठीवरून हात फिरवायला जाऊ नका.

ती माणसाच्या अंगावर येतात तरी का?

कारण त्यांना आपण ते शिकवलं आहे. रानातल्या माकडाला माणूस म्हणजे दूर राहण्याची वस्तू. पहिल्यांदा कोणी केळं टाकतं तेव्हा ते दहा पावलांवरून उचलतं. महिनाभर रोज मिळालं की ते दोन पावलांवर येतं. मग हातातून घेतं. आणि ज्या दिवशी हात रिकामा असतो त्या दिवशी ते पदर ओढतं, बॅगेला लोंबकळतं, दात दाखवतं. चावणारं माकड आणि काल ज्याला कोणीतरी हाताने भरवलं ते माकड, बरेचदा एकच असतं. भरवणारा निघून गेलेला असतो, चावा मागून येणाऱ्याला बसतो.

खाण्याचं पाकीट त्यांना न उघडताही कळतं. कॅरीबॅगची सळसळ, वेफर्सच्या पुड्याची चमक, बाटलीतलं रंगीत पाणी एवढं पुरतं. तुमच्या पांढऱ्या कॅरीबॅगेत औषधं असली तरी ते आधी पिशवी फाडतं, मग बघतं.

याखेरीज तीन कारणं आहेत. आई आणि पिल्लू यांच्या मधे आपण आलो, त्यांची जायची वाट अडवली, किंवा टोळीत नवा नर आला आहे. वानरांत नवा नर टोळी बळकावतो तेव्हा जुन्या नराची पिल्लं मारतो. त्या दिवसांत सगळी टोळी चिडलेली असते. झाडावर आरडाओरडा आणि पाठलाग चालू दिसला तर खालून जाऊ नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा.

अंजनेरी हे हनुमंताचं जन्मस्थान. शनिवारी तिथे फुटाणे-केळी घालणं पुण्याचं नाही का?

हा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि त्याला श्रद्धेनेच उत्तर द्यायला हवं. नैवेद्य देवाला दाखवायचा असतो, तो देवळात दाखवा. रानातल्या जिवाला रानाचं अन्न आधीच दिलेलं आहे: उंबर, वड, पिंपळ, जांभूळ, करवंद, पळसाची आणि काटेसावरीची फुलं, कोवळा पाला. फळं खाऊन ही जनावरं बिया डोंगरभर टाकतात. अंजनेरीचा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि तिथली झाडी राखण्यात त्यांचाही वाटा आहे. पायऱ्यांवर बसून बिस्किटांची वाट पाहणारं माकड ते काम सोडून देतं.

शिवाय आपलं अन्न त्यांना सोसत नाही. पाला आंबवायला बनलेल्या वानराच्या पोटात पाव, बिस्किटं, पेढे गेले की तिथे आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर आजारी पडतं. फुटाणे आणि केळी त्यातल्या त्यात बरी वाटतात, पण त्यांनीच ते रस्त्यावर येतं आणि गाडीखाली जातं. दान करायचंच असेल तर डोंगराखालच्या गावात उंबराचं नाहीतर वडाचं रोप लावा आणि दोन उन्हाळे त्याला पाणी घाला. एक वड पिढ्यान्‌पिढ्या टोळ्या पोसतो.

भावनेला विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमिनीची नोंद माकडांच्या नावे आहे. माकडांना मान देण्याची आपली परंपरा इतकी मोठी आहे. फक्त तो मान हातातल्या केळ्याने द्यायचा नाही.

निघताना पिशवी कशी भरायची?

हातात काही नाही, हा पहिला नियम. सगळं पाठीवरच्या चेनवाल्या बॅगेत. बाजूच्या जाळीच्या कप्प्यात बाटली किंवा पुडा ठेवू नका, सगळ्यात आधी तिथेच हात घातला जातो. खाणं झाकणाच्या डब्यात, डबा कापडात गुंडाळून बॅगेच्या तळाशी, म्हणजे वास आणि आवाज दोन्ही कमी. चेनच्या दोन पट्ट्या एकमेकींना सेफ्टी पिनने अडकवा. चेन ओढायला माकडं शिकलेली आहेत, पिन काढायला वेळ लागतो.

चष्म्याला दोरी लावा. गॉगल आणि टोपी माकडं दिसली की आत. गजरा माळला असेल तर वर चढताना काढून ठेवा, फुलं हे वानराचं खाणंच आहे.

आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात चार वस्तू: साबणाची छोटी वडी, पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाची लहान बाटली, स्वच्छ गॉज, आणि पिण्याच्या पाण्याशिवाय वेगळं एक लिटर पाणी. त्याचं काय करायचं ते चावल्याच्या प्रश्नात येईल.

हरिहरच्या पायऱ्यांवर समोरून माकड आलं तर?

इथे खरा धोका चाव्याचा नाही, दचकण्याचा आहे. कातळात कोरलेल्या त्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि धरायला फक्त खोबण्या आहेत. माकड बॅगेवर उडी मारतं, माणूस झटकायला एक हात सोडतो, तोल जातो, आणि खाली लोक असतात.

म्हणून पायऱ्या चढायच्या आधी खाली सपाटीवरच खाऊन-पिऊन घ्या. बॅगेचे पट्टे घट्ट करा, छातीवरचा पट्टा लावा. पायरीवर माकड दिसलं तर दोन्ही हात खोबण्यांत, अंग कातळाला चिकटवून थांबा. त्याच्याकडे बघू नका. ते तुमच्या बाजूने उतरून जाईल, त्याला ती वाट तुमच्यापेक्षा सोपी आहे. बॅगेवर बसलंच तरी हात सोडू नका. बाटली घेऊन जाऊ द्या. पायऱ्यांवर थांबून फोटो काढणं, मुलाच्या हातात चॉकलेट देणं, वरून खालच्याला पुडा फेकणं, हे तिथे अजिबात नको.

सप्तशृंगी गडावर ओटीचं ताट उघडंच न्यावं लागतं. मग?

लागत नाही. खण, नारळ, पेढे, फुलं हे सगळं जाड कापडी पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा, पिशवी पोटाशी धरा आणि वर पदर घ्या. ताट देवीपुढे गेल्यावर मांडा. पायऱ्यांनी जाताना कठड्याच्या बाजूने चालू नका, माकडं कठड्यावर बसलेली असतात आणि त्यांचा हात तिथून थेट पिशवीपर्यंत पोहोचतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर फ्युनिक्युलर ट्रॉलीने जाणं बरं. दर्शनानंतर प्रसाद बाहेर उघड्यावर वाटू नका, मुक्कामी पोहोचल्यावर वाटा.

त्र्यंबकला ब्रह्मगिरी आणि गंगाद्वाराच्या पायऱ्यांवरही हेच. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांना गर्दी प्रचंड असेल. गर्दीत एक माकड पिशवीवर झेपावलं की चेंगराचेंगरी व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा तर पिशवी बांधलेलीच हवी.

ते रागावलंय हे कसं ओळखायचं?

क्रमाने वाढत जातं. आधी टक लावून बघणं. मग भुवया वर आणि कान मागे ओढून तोंडाचा ‘ओ’ करणं. मग डोकं खालीवर हलवणं, जमिनीवर हात आपटणं. मग एक-दोन पावलांची खोटी झेप. चावा त्यानंतर. म्हणजे इशारा मिळतो, बहुतेकदा दोन-तीन वेळा मिळतो.

हुप्प्या खोकल्यासारखा कोरडा आवाज काढतो, दात करकरा वाजवतो. मोठा नर तुमच्यासमोर जांभई देत असेल तर ती झोपेची समजू नका, तो सुळे दाखवतोय. आणि आपण त्याच्याकडे दात काढून हसत, डोळ्यांत बघत राहिलो की त्यालाही ते आव्हानच वाटतं. मोबाइल तोंडासमोर धरून हसणाऱ्या माणसावर माकड का झेपावतं, त्याचं उत्तर इथे आहे.

अंगावर आलंच तर नेमकं काय करायचं?

पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे ते धावतं आणि पिंढरीला चावतं. पाठ फिरवायची नाही, तोंड त्याच्या दिशेने पण नजर जमिनीवर. रिकामे तळहात उघडून खाली दाखवायचे, काही नाही हे त्याला समजतं. तिरकं, हळू, मागे सरकायचं. त्याच्या निघून जायच्या वाटेत आपण नाही ना, तेवढं बघायचं.

हातात काठी असेल तर ती जमिनीवर आपटा. उगारू नका, मारू नका. एक मारला की टोळी धावून येते.

पिशवी धरून ओढत असेल तर सोडून द्या. रस्सीखेच झाली की ते हाताला चावतं. पेढ्यांचा पुडा शंभर-दोनशे रुपयांचा असतो, चाव्यानंतर चार-पाच वेळा दवाखान्यात जावं लागतं.

मोबाइल किंवा चष्मा पळवला तर?

मागे धावू नका, सगळ्यांनी मिळून ओरडू नका. गोंधळात ते वर चढतं आणि वस्तू दरीत पडते. दहा-पंधरा पावलं मागे या, बसून राहा. खाण्याची नाही हे कळलं की पाच-दहा मिनिटांत ते टाकून देतं.

त्याला केळं देऊन वस्तू सोडवून घेणं सगळ्यांना सुचतं. त्याचा परिणाम काय होतो ते बाली बेटावरच्या उलुवाटू देवळातल्या माकडांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतं: मोठ्या माकडांना कोणत्या वस्तूच्या बदल्यात जास्त खाऊ मिळतो हे नेमकं कळू लागलं आणि ती तीच वस्तू पळवू लागली. आपल्या डोंगरांवर ही शाळा सुरू करू नका.

कसारा घाटात गाडीतून उतरायचं का?

माकडांसाठी तर नाहीच. वळणावर गाडी थांबवून खिडकीतून केळी टाकली की टोळी रस्त्यावर येते आणि मागून येणारा ट्रक त्यांना चिरडतो. काचा पूर्ण वर, सनरूफ बंद. बंद पडल्यामुळे थांबावंच लागलं तर आत बसून राहा, आणि बाहेर पडायचंच तर डॅशबोर्डवरचे पुडे आधी सीटखाली.

जानेवारी ते एप्रिलमध्ये अनेकजण द्राक्षांच्या पेट्या घेऊन परततात. पेटी मागच्या सीटवर नको, डिकीत ठेवा. दुचाकीच्या हुकला टांगलेली पिशवी तर त्यांच्यासाठीच टांगल्यासारखी. पार्किंगमध्ये आरशातलं स्वतःचं रूप बघून माकड आरशावर हल्ला करतं. आरसे आत वळवा किंवा त्यांवर मोजे चढवा.

लहान मुलांना न्यावं का?

जरूर न्यावं. मूल पाच-सहा वर्षांपर्यंत हाताला धरलेलं आणि तुमच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे माकडं एका बाजूला, मधे तुम्ही. मुलाचं तोंड माकडाच्या तोंडाच्या उंचीवर असतं, त्यामुळे मुलांना चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसू शकतो आणि तो जास्त धोक्याचा. चालताना त्याच्या हातात खाऊ नको, खेळणंही नको. माकडाला वाकुल्या दाखवायच्या नाहीत, त्याची नक्कल करायची नाही, हे घरून निघतानाच सांगा. पाळीव कुत्रा घरीच ठेवा.

चावलं किंवा ओरखडलं तर?

इथे एकही पायरी गाळू नका.

आधी धुणं, जागेवरच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं आणि साबण ते फोडतो, म्हणून नुसत्या पाण्याने भागत नाही. डोंगरावर नळ नसतो. बाटलीच्या झाकणाला सेफ्टी पिनने भोक पाडा आणि बाटली दाबा. बारीक धार निघते आणि एक लिटर पाणी बराच वेळ पुरतं. साबण, धार, पुन्हा साबण, पुन्हा धार. खाली उतरल्यावर नळाखाली पुन्हा पूर्ण १५ मिनिटं. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. पट्टी आवळून बांधू नका. टाके लगेच घालून घेऊ नका, त्याने विषाणू आत ढकलला जातो. घालावेच लागले तर सीरम (विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिल्यानंतर, सैल.

मग त्याच दिवशी दवाखाना. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वन्य प्राण्याचा चावा तिसऱ्या म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गात धरतात. त्यात लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला बोलीत सीरम म्हणतात, दोन्ही लागतं. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात, पहिला डोस तो शून्यावा दिवस. स्नायूत देणाऱ्या दवाखान्यात ०, ३, ७, १४, २८ असे पाच डोस असतात. सीरम जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर दर किलो वजनामागे २० युनिट, घोड्यापासून केलेलं असेल तर ४० युनिट. ते लसीच्या पहिल्या डोसाबरोबरच घ्यायचं असतं, राहिलंच तर त्यानंतर सात दिवसांच्या आत. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या.

लस प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते, सीरम प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. आधी फोन करून विचारा, नाहीतर सरळ नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जा. डॉक्टरांना ‘काहीतरी चावलं’ असं सांगू नका, ‘माकड चावलं’ असं स्पष्ट सांगा. माकडांत एक नागीण गटातला विषाणूही असतो. माणसाला त्याची लागण फार क्वचित होते, पण डॉक्टरांना माहीत असलेलं बरं.

रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी दाखवायचंच. धडधाकट कातडीला नुसतं चाटलं असेल तर धुणं पुरे. डोळ्यात, तोंडात किंवा जखमेवर लाळ गेली तर तो चावाच समजा.

कुत्र्यासारखं दहा दिवस माकडावर लक्ष ठेवून मग लस घेतली तर?

नाही. तो दहा दिवसांचा नियम फक्त कुत्र्या-मांजरांसाठी आहे. माकडासाठी नाही. आणि टोळीतलं नेमकं कोणतं चावलं हे उद्या सांगता येत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळजवळ नाही, थांबण्यात काहीच शहाणपण नाही.

पूर्वी रेबीजची पूर्ण लस झालेली आहे.

कागद दाखवा. मग साधारणपणे ० आणि ३ अशा दोनच दिवशी डोस आणि सीरम नाही. धुणं मात्र तेवढंच, १५ मिनिटं.

मुक्कामात काय सांभाळायचं?

सरकती खिडकी माकड सहज सरकवतं. कडी लावा. वाळत घातलेले कपडे, गॅलरीतली साबणाची वडी, टेबलावरची फळं आत घ्या. कचरा झाकणाच्या डब्यात, आणि रात्री नव्हे तर सकाळी गाडी यायच्या वेळीच बाहेर. माकड खोलीत शिरलं तर दार उघडं ठेवून तुम्हीच बाहेर या. त्याला कोंडलं की ते चावतं.

फोटो किती अंतरावरून?

निदान दहा मीटर, म्हणजे साधारण एका एसटी बसची लांबी. फ्लॅश नाही, पाठ करून सेल्फी नाही. बसून राहा आणि झूम वापरा. त्यांना विसर पडला की पिल्लांचे खेळ, एकमेकांच्या अंगातल्या उवा वेचणं, हे सगळं आपोआप दिसतं आणि ते फोटो हातातून केळं घेणाऱ्या माकडापेक्षा कितीतरी चांगले येतात.

दगड, गलोल, फटाके?

नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वानरांना लागू आहे. २०२२ च्या दुरुस्तीत लाल माकडाचं नाव त्या कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीतून निघालं, म्हणून त्याला मारायला मोकळीक मिळाली असं कोणी समजू नये. १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा आहेच. माकडाचा खेळ करणं तर १९९८ पासून बंद आहे, रस्त्यात मदारी दिसला तर पैसे देऊ नका.

जखमी माकड किंवा एकटं पिल्लू दिसलं तर?

हात लावू नका, उचलू नका, पाणीही पाजू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि जागा नेमकी सांगा: कोणत्या वाटेवर, कोणत्या पायऱ्यांच्या आसपास, विजेचा धक्का बसलाय की गाडीची धडक. शक्य असेल तर लांब थांबून लोकांना बाजूने काढा.

एकटं दिसणारं पिल्लू बहुतेकदा एकटं नसतं, आई वरच्या फांदीवर असते आणि आपण गेलो की उतरते. मेलेलं पिल्लू छातीशी धरून फिरणारी आई दिसते तेव्हा अनेकांना वाटतं की ते सोडवून घ्यावं, पुरावं. ती दोन-चार दिवस, कधी त्याहूनही जास्त त्याला घेऊन हिंडते. तिला वाट द्या आणि फोन खिशात ठेवा.